क्यूआर कोडमागे एक आवाज ठेवा

प्रति,
मा. संचालक, महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : पाचवी ते दहावीच्या गणित व विज्ञानासाठी मराठी पॉडकास्ट तयार करण्याबाबत.
संदर्भ : कोणताही शासन निर्णय नाही. वर्गात उभं राहून सुचलेलं आहे.

महोदय,

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर आधी थोडी आकडेमोड करू, मग मागणीकडे येतो. 1905 ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावले की 9510, चढत्या क्रमाने 0159. मोठीतून लहान वजा करा : 9351. आता 9351 चं तेच करा. 9531 वजा 1359, आले 8172. पुढे 7443, मग 3996, 6264, 4176 आणि सातव्या वजाबाकीला 6174. आता 6174 चंही करून बघा. 7641 वजा 1467, पुन्हा 6174. इथून सुटका नाही. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत माणूस इथेच येऊन अडकतो. देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी हे 1949 साली शोधलं. 1905 हे त्यांचं जन्मवर्ष. त्यालाच पुऱ्या सात पायऱ्या लागाव्यात, ही माझ्या मते गणितातली एक झकास योगायोगाची गोष्ट आहे.

हे तुम्ही वाचलंत. आता हेच वर्गात, एका छोट्या स्पीकरमधून, नुसत्या आवाजात आलं असतं तर? निवेदिका म्हणते, "प्रत्येकाने मनातली एक चार अंकी संख्या लिहा. शेजारच्याची बघायची नाही." आणि ती गप्प बसते. पाच-दहा सेकंद स्पीकरमधून काहीही येत नाही, वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज. मग ती पुढची पायरी सांगते, पुन्हा थांबते. कुणाची वजाबाकी दुसऱ्या पायरीला संपते, कुणाची सहाव्या. मागच्या बाकावरचा एखादा ओरडतो, "माझं परत तेच आलं!" चाळीस पोरांच्या चाळीस संख्या, आणि सगळ्यांच्या वहीत शेवटी 6174. पुस्तकात हे छापलं की उत्तर त्याच पानावर दिसतं, मुलं आधी उत्तराकडे बघतात. आवाजाला पुढचं पान नसतं. त्याचा हा एवढा एक गुण गणिताच्या कामाचा आहे आणि आपण तो वापरत नाही.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे भाग लिहिणाऱ्याला उपयोग होईल. 2111 घेतली की पहिलीच वजाबाकी 999 येते. इथे पुढे शून्य लावून 0999 लिहायचं, हे सांगायला निवेदकाने विसरू नये. नाहीतर निम्मा वर्ग तिथेच बसून राहतो आणि कापरेकरांचं नाव खराब होतं.

माझी मागणी साधी आहे. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे मराठीतले दहा-दहा मिनिटांचे ऐकायचे भाग ठेवा. मात्र ते पाठाचं वाचन नको, आणि फळ्यासमोर उभं राहून दिलेल्या तासाचं ध्वनिमुद्रण तर मुळीच नको. ऐकता ऐकता मुलाला हात चालवावा लागेल, डोकं चालवावं लागेल असं काही हवं.

हे नवीन नाही. 1970 च्या दशकाच्या मध्याला निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या गरीब देशात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी पहिलीच्या मुलांना रेडिओवरून गणित शिकवायचा प्रयोग केला. रेडिओतला आवाज प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. मुलं मोठ्याने उत्तर द्यायची किंवा वहीत लिहायची, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. कार्यक्रम संपला की तोच धागा धरून शिक्षक पुढचं घ्यायचे. नंतरच्या चाचण्यांत रेडिओ ऐकणाऱ्या वर्गांनी नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांना चांगलंच मागे टाकलं, आणि ती पद्धत पुढे कितीतरी देशांत गेली. सगळी करामत त्या थांबण्यात होती. आज पॉडकास्टच्या नावाखाली जे ऐकायला मिळतं त्यात बोलणारा श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. 1990 च्या दशकात आकाशवाणीने 'मानव का विकास' ही शंभराहून अधिक भागांची मालिका अनेक भारतीय भाषांतून ऐकवली होती. 2020 च्या टाळेबंदीत नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' मुलांच्या घरात पोचली. त्याच वर्षी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली. ती दूरदर्शनवर होती हे खरं, पण तिच्यातली घरात, अंगणात करून बघायची पद्धत आवाजातही तितकीच चालेल. शाळा उघडल्या आणि आपण हे सारं कोविडच्या खात्यात टाकून मोकळे झालो.

आता विज्ञानाकडे येतो, कारण तिथे आवाज हे नुसतं साधन राहत नाही, बऱ्याचदा तोच विषय असतो.

मी हिंगोली जिल्ह्यात शिकवतो. आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, 2,600 कोटींचा खर्च, 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, एवढं इथल्या पोरांना पाठ आहे, कारण जमिनीच्या भावाच्या गप्पांत ते येतं. पण तिथे नेमकं काय पकडणार, असं विचारलं की "लहरी" यापुढे गाडी जात नाही. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा जी लहर टिपली, तिची कंपनसंख्या सुमारे 35 हर्ट्झपासून 250 हर्ट्झपर्यंत सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात चढत गेली. म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात. ती नोंद ध्वनीत बदलली की शेवटी 'हूऽप' असा वर चढणारा छोटासा आवाज येतो. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली, त्याचा हा ठसा. अशी लहर गोंगाटातून नेमकी वेचून काढायच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधर यांनी फार आधीपासून काम केलं होतं. औंढ्याच्या पोराला हा आवाज मराठी निवेदनासह ऐकायला मिळू नये, हे मला पटत नाही.

इथेही खबरदारी हवी. गुरुत्वीय लहर म्हणजे ध्वनी नव्हे. अवकाशात हवा नाही, तिथून आवाज येत नाही. आपण त्या नोंदीला आवाजाचं रूप दिलं आहे, हे भागात स्वच्छ सांगायला हवं. आणि 35 हर्ट्झचा खर्ज मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून निघतच नाही. त्यासाठी बरा स्पीकर लागतो, नाहीतर तीच नोंद वरच्या पट्टीत सरकवून ऐकवावी लागते. तशी ती उपलब्धही आहे. मोबाइलमधून का ऐकू आलं नाही, हा प्रश्न मुलांसमोर टाकला तर आठवीच्या ध्वनीच्या धड्याची निम्मी उजळणी तिथेच होते.

दुसरं उदाहरण तबल्याचं. आमच्या गावाकडे हलगी घराघरात ओळखीची. हलगीवर काठी पडली की कडकडाट येतो, पण तिचा षड्ज कुठला ते सांगता येत नाही. तबला मात्र स्वरात लागतो. का? ताणलेल्या साध्या गोल कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. पहिलाच येतो तो सुमारे 1.59 पट. कानाला तो सूर वाटत नाही, नुसता नाद वाटतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचा थर दिला की कातड्याचं वजन मध्यावर वाढतं आणि वरचे स्वर दुप्पट, तिप्पट असे पूर्ण पटींच्या जवळ येऊन बसतात. हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये मांडलं आणि पुढेही त्यावर काम केलं. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मिळणारा तो झंकार, यावरही त्यांनी लिहिलं आहे. आता सांगा, हा धडा छापील पानावर कसा शिकवणार? आकृती काढाल, बाण दाखवाल. आधी हलगी, मग तबला, मग शाई न दिलेल्या पुडीचा तबला, असे तीन आवाज एकापाठोपाठ ऐकवले की पोरं स्वतःच फरक सांगतात. मिरजेच्या एखाद्या कारागिराला माइकसमोर बसवा. त्याला पदवी नसेल, पण शाई कुठे घोटायची आणि किती, हे त्याच्याइतकं नीट आपल्यापैकी कुणी सांगणार नाही.

विजेचं तर बोलायलाच नको. मराठवाड्यात आणि विदर्भात दर उन्हाळ्याच्या शेवटी वीज पडून माणसं-जनावरं दगावतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, तीनने भागायचं, की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. ध्वनीच्या वेगाचं उदाहरण आणि जीव वाचवायची अक्कल एकाच भागात देता येते. त्याच भागात हेही सांगा की गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आहोत, झाडाखालून निघा, पक्क्या घरात जा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, तेही सांगा. हा भाग मृगाच्या आधी मुलांच्या घरात वाजला पाहिजे, कारण बैलं सोडायला शेतात मुलाचे वडील जातात.

कानाने काय शिकवू नये, तेही लिहून ठेवतो. भूमितीचं प्रमेय कानाने शिकवू नका. रासायनिक समीकरणं संतुलित करायला नकोत, विद्युत परिपथ नकोत, रचना तर नकोच. त्यासाठी फळा आहे, पुस्तक आहे, व्हिडिओ आहेत. बीजगणित थोडं चालेल, पण तिथे मराठीचा एक फास आहे. "ए अधिक बी चा वर्ग" असं निवेदक म्हणाला तर वर्ग कशाचा? एकट्या बी चा की दोघांच्या बेरजेचा? फळ्यावर कंस दिसतो, कानाला दिसत नाही. आम्ही वर्गात "कंसात ए अधिक बी, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग" असं म्हणतो तेव्हा तो गोंधळ सुटतो. दृष्टिहीन मुलांना शिकवणाऱ्यांना ही शिस्त अंगवळणी असते. संहिता लिहिताना त्यांना बोलवा, निम्म्या चुका कागदावरच निघतील.

संख्यांचंही तसंच. 2019 साली दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर किती गदारोळ झाला ते तुम्हाला मी काय सांगावं. मी त्या वादात पडत नाही. पण एकोणसाठ, एकोणसत्तर, सदुसष्ट, सत्याहत्तर ही नावं स्पीकरमधून भरभर आली की सातवीचा पोरगाही वहीत भलतंच लिहितो. म्हणून प्रत्येक संख्या एकदा नावाने आणि एकदा अंकांनी सांगा : सदुसष्ट, सहा-सात. यंत्राकडून आवाज काढून घ्यायचा मोह होईल, पैसे वाचतात. आमच्या पोरांना मात्र माणसाचा आवाज द्या, आणि तो एकाच वळणाचा नको. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी वळणाचा एखादा शिक्षक, मराठवाड्याची एखादी मॅडम बोलू द्या. परीक्षेत प्रमाण मराठी लिहायचीच आहे, समजून घ्यायला घरची चालते.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर सेमीच्या मुलांबद्दल बोलतो. आमच्याकडे आता निम्मा गाव सेमी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. पोरं 'रिफ्रॅक्शन इज द बेंडिंग ऑफ लाइट' घडाघडा म्हणतात आणि बादलीतली काठी वाकडी का दिसते असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यांना पुन्हा मराठी माध्यमात बसवा असं मी म्हणत नाही, पालक ऐकणार नाहीत. पण दहा मिनिटं कुणी मराठीत नीट समजावलं, प्रकाश पाण्यात का मंदावतो ते सांगितलं, मधून 'अपवर्तन म्हणजेच तुमचं रिफ्रॅक्शन' असं जोडून दिलं, तर ती व्याख्या त्यांच्या डोक्यात बसेल. सेमीच्या मुलांसाठी मराठी पॉडकास्ट हा मला सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो. शिकवणीची फी बघा आणि मग ठरवा.

इंग्रजीत या बाबतीत चंगळ आहे. बीबीसीवर 'इन अवर टाइम' हा कार्यक्रम 1998 पासून चालू आहे. तीन प्राध्यापकांना बसवून शून्यावर, भारतीय गणितावर, फर्माच्या प्रमेयावर पाऊण-पाऊण तास गप्पा. 'मोर ऑर लेस' बातम्यांतले आकडे तपासतो, अमेरिकेतला 'द जॉय ऑफ व्हाय' गणितज्ञांनाच प्रश्न विचारतो. अकरावी-बारावीची इंग्रजीत रुळलेली पोरं हे ऐकू शकतात आणि त्यांना ते जरूर सांगावं. सातवीच्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. नुसता अनुवाद करूनही चालायचं नाही, कारण त्यातले आकडे लंडनचे.

'मोर ऑर लेस'सारखं काही मराठीत झालं तर आमचे आकडे घ्या. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे शेतकऱ्याच्या पोराला चौथीतच माहीत असतं, भरपाईचा प्रश्न असतो. पण 65 मिलिमीटर म्हणजे किती पाणी? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एकरात साधारण 4,047 चौरस मीटर. गुणा. एका एकरावर 2 लाख 63 हजार लिटर. हे उत्तर वहीत आलं की पोरगं पेन खाली ठेवून बाहेर शेताकडे बघतं. क्षेत्रफळ, घनफळ, एककं, गुणाकार, सगळं त्यात आलं, आणि "सर, याचा उपयोग काय" हा प्रश्न आला नाही.

व्यवहाराचं बोलू. दहा मिनिटांचा आवाज 64 केबीपीएसने साठवला तर फाइल पाच एमबीच्या आत बसते. एवढी फाइल आमच्या रेंजमध्येही उतरते, व्हॉट्सॲपच्या गटात फिरते, पेनड्राइव्हवर टाकली तर इंटरनेटची गरजच नाही. म्हणून उतरवून घेता येईल अशी ठेवा, फक्त ऑनलाइन ऐकायची नको. वेळ कुठून आणायचा, असं मुख्याध्यापक विचारतील. पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आहे, तिथे जागा आहे. परिपाठात घुसवू नका, तिथे आधीच प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बोधकथेची गर्दी आहे. प्रत्येक भागासोबत शिक्षकासाठी एका पानाची चिठ्ठी द्या : कुठे थांबवायचं, मुलं कुठे अडतील, नंतर काय विचारायचं.

हे भाग खुल्या परवान्याने द्या, म्हणजे आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांना आणि म्हसवडचं माणदेशी तरंग, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी यांसारख्या सामुदायिक रेडिओंना ते बिनदिक्कत वाजवता येतील. माणसंही राज्यात आहेतच. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, आयुका, 1966 पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद, आणि नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या रोखून आकाश ऐकणारी जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची मंडळी. खोडदला स्पंदक ताऱ्यांचे ठोके टिपतात. वेला नावाचा तारा सेकंदाला सुमारे अकरा ठोके देतो. तो ठेका ऐकवा आणि अकरा मोजून दाखवा म्हणा, वर्ग तासभर तुमचा.

आणि एक विनंती, हात जोडून. हे सुरू झालं की किती विद्यार्थ्यांनी ऐकलं याची लिंक पाठवू नका. भाग ऐकतानाचे फोटो मागू नका, तालुकानिहाय टक्केवारी नको, ऐकण्यावर ऑनलाइन चाचणी नको. लिंक आली की ज्या शिक्षकाला मनापासून ऐकवायचं होतं तोही आधी फोटो काढतो आणि मग स्पीकर लावतो, लावला तर. किती जण ऐकतात हे कळायलाच हवं असेल तर फाइल किती वेळा उतरवली गेली ते तुमच्या संगणकावर दिसेलच.

सगळा अभ्यासक्रम एकदम नको. एका इयत्तेचे दहा भाग करा, सातवी घ्या किंवा आठवी. पहिला कापरेकरांचा असू द्या. दुसराही त्यांचाच चालेल : 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, 1111 चा 1234321, अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं, कारण ही कल्पना त्यांना डोंबिवली स्थानकात सुचली आणि त्या स्थानकाचं जुनं नाव त्यांनी डेम्लो असं लिहून ठेवलं आहे. लोकलची उद्घोषणा, फलाटावरची गर्दी आणि त्यात एक मास्तर वही उघडून बसलेला. निर्मितीला फार खर्च येणार नाही, डोंबिवलीचा आवाज फुकट मिळतो.

जूनच्या आत पहिले दहा भाग झाले तर आमच्या शाळेचा स्पीकर दुरुस्त करून ठेवतो.

आपला,
एक गणित-विज्ञान शिक्षक, जि. हिंगोली

प्रत माहितीस्तव :
1. केंद्रप्रमुख, आकाशवाणीची राज्यातली सर्व केंद्रं.
2. डोंबिवलीत उतरणारे सर्व गणित शिक्षक.